आबांचे कागद

दिवाळीच्या आधी काकांचा व्हॉइस मेसेज आला. "बाळा, आबांचे मिल्ट्रीचे सगळे कागद पाठीव. पीडीएफ करून पाठीव." मी पुण्यात, ऑफिसात होतो. पीडीएफ करायची गरजच नव्हती, ती माझ्या ड्राइव्हवर होती. शेअर करायला दोन सेकंद लागले असते. मी तीन आठवडे काहीच केलं नाही.

आबा १९६४ ते १९८१ आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. मग वाटूरला येऊन शेती केली. पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचं डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ, मेडिकलचे कागद असं सगळं होतं आणि ट्रंकेची किल्ली त्यांच्या करदोट्याला. ते गेल्यावर, लॉकडाऊनमध्ये घरी अडकलो होतो तेव्हा, मी एकेक पान मोबाइलवर स्कॅन केलं. तेव्हापासून कागद माझ्याकडे. आजीची फॅमिली पेन्शन आता 'स्पर्श' पोर्टलवर असते, त्याचा ओटीपीही माझ्याच मोबाइलवर येतो.

काकांना कागद का द्यायचे नाहीत, हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी एकदा आजीचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतला होता. दोन वर्षांनी तिच्या नावावर कर्ज निघालं. ते पप्पांनी फेडलं. त्यामुळे पप्पांचं उत्तर सरळ होतं, "द्यायचे नाहीत. विषय संपला."

माझा संपला नाही. काकांना नाही म्हणताना मी स्वतःशी एक कारण घोळवत होतो, की ही आबांची प्रायव्हसी आहे. शब्द भारदस्त आहे. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रायव्हसीला मूलभूत हक्क म्हटलं तेव्हा आम्ही हॉस्टेलवर रात्रभर वाद घातले होते. पण तो हक्क जिवंत माणसाचा. जयललितांवरच्या सिनेमाचा वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला, तेव्हा कोर्टाने सांगितलं की माणूस गेला की त्याची प्रायव्हसीही जाते, ती वारसाला मिळत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आपल्या पश्चात आपले हक्क कुणी बजावायचे यासाठी नॉमिनी नेमायची सोय आहे. आबांनी कुणालाच नेमलं नव्हतं. माझी नेमणूक मीच केली होती, कारण मला स्कॅन करता येत होतं.

अमेरिकेत मृत सैनिकाची नोकरीची फाइल कुणाला द्यायची याची यादी ठरलेली आहे. पुन्हा लग्न न केलेली विधवा किंवा विधुर, आईवडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. सैनिकाने नोकरी सोडून ६२ वर्षं झाली की फाइल सगळ्यांनाच खुली. त्याआधी मात्र यादीत नातू नाही. तिथे असतो तर काकांनी एक अर्ज केला असता आणि त्यांना कागद मिळाले असते. मला, ज्याच्यावर घरातल्या सगळ्यांचा विश्वास आहे त्याला, मिळाले नसते. हे वाचून मला आधी हसू आलं, मग जरा राग आला. मुलगा प्रामाणिक आहे का, असं ती यादी विचारतच नाही. मुलगा आहे ना, एवढंच बघते.

पण भीती खोटी नव्हती. मराठवाड्यात कागदाची किंमत आपल्याला चांगली माहीत आहे. निजामाविरुद्ध भूमिगत राहून लढलेल्यांची कारागृहात नोंद असणार कुठून? म्हणून स्वातंत्र्यसैनिक पेन्शनसाठी, तुरुंगवास भोगलेल्या दुसऱ्या सैनिकाने दिलेलं प्रमाणपत्र चालायचं. सोय योग्यच होती. त्याच सोयीतून बीड जिल्ह्यात खोटे स्वातंत्र्यसैनिक उभे राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २००५ मध्ये तिथे निकाल लागला. खोटं उभं राहायला कुठेतरी एक खरी सही लागते. आबांचे कागद खरे होते, म्हणूनच धोक्याचे होते.

काकांना फोन करून विचारलं, कशाला हवेत? "गावात माजी सैनिकांची कमान करायचीय. आबा एकाहत्तरला बॉर्डरवर लढले, लिहायचंय." डिस्चार्ज बुकात १९७१ चं संग्राम मेडल आहे. ते त्या काळात नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालं. पश्चिम आघाडीवरच्यांना पश्चिमी स्टार होता, तो आबांकडे नाही. मी हे सांगितलं. पलीकडे शांतता. मग, "माह्या बापाचे कागद हायेत ते. तुह्या नाहीत."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ऑफिसात आम्ही कुणाला सिस्टिमचा ॲक्सेस देताना 'हा माणूस चांगला का वाईट' असं विचारत नाही. त्याला काय लागतं आणि त्यातून काय मोडू शकतं, ते बघतो. घरी मी उलट केलं होतं. माणसाचा निकाल लावून ट्रंकेला कुलूप घातलं होतं. पीपीओ नंबर, बँक खातं, हयातीचा दाखला हे आजीचे कागद आहेत, नाव आबांचं असलं तरी. त्यातून उद्या तिची पेन्शन अडू शकते. ते काकांना द्यायचे नाहीत, यात मला अजूनही शंका नाही. पण डिस्चार्ज बुक?

खरं सांगायचं तर ते न देण्यामागे आणखी एक पान होतं. शिक्षेचं. १९७२, रजा संपल्यावर १९ दिवस उशिरा हजर. लाल शाईत. आबा याबद्दल कधीच बोलले नव्हते. काका भांडणात हे पारावर बोलतील, असं मला वाटत होतं.

दिवाळीला मी मूळ ट्रंकच उघडली. यादीतलं पहिलं नाव आजीचं, आणि तिला कुणीच विचारलं नव्हतं. विचारलं. ती म्हणाली, "त्यात माझं नाव हाय का?" कुटुंबाच्या पानावर होतं, चुकीच्या स्पेलिंगने. बोट ठेवून दाखवलं. तिने बराच वेळ बोट उचललं नाही. मग म्हणाली, "दाखव त्याला. पेन्शनचं तेवढं ठेव."

काका ओट्यावर बसून डिस्चार्ज बुक वाचत होते. इंग्रजी अडखळत. लाल शाईपाशी थांबले. "हे काय? पळून आले होते का?"

"नाही, रजेवरून उशिरा गेले."

आजी आतून म्हणाली, "दुष्काळ होता. मी खडी फोडायला जायची. तू पोटात होतास."

काकांनी मोबाइल काढला. आबांच्या फोटोचं पान, नंबर असलेलं, त्याचा फोटो घेतला. मग लाल शाईच्या पानाचा. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. ते त्या फोटोंचं काय करणार, मी विचारलं नाही. कमान अजून झालेली नाही.

पेन्शनचे कागद मी परत ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. किल्ली कुणाकडे द्यायची, ते त्या गडबडीत राहूनच गेलं. ती आत्ता माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे.