बारा कॉलेजं आणि एक गाव

अमेरिकेतल्या कॉलेजांची हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. मोसमभर गटातले सामने खेळून झाले की मार्चमध्ये प्रत्येक गटाची बाद फेरी होते आणि तिचा विजेता राष्ट्रीय स्पर्धेच्या 16 संघांत थेट जातो. म्हणून शेवटचे सामने त्रयस्थ ठिकाणी व्हावेत, ही मागणी रास्तच. पण हे ठिकाण शोधताना सभागृह किती मोठं आणि शहर काय देऊ करतं, एवढंच पाहिलं जातं. माणसं तिथवर पोचणार कशी, हे कोणी विचारत नाही.

ईसीएसी या गटाची गोष्ट घ्या. यात 12 कॉलेजं. हार्वर्ड, येल, कॉर्नेलसारखी जगभर नाव असलेली, तशीच कॅनडाच्या सीमेजवळची क्लार्कसन आणि सेंट लॉरेन्स. 1993 ते 2002 या काळात अंतिम सामने लेक प्लॅसिडला होत. मग ते ऑल्बनीला गेले आणि 2011 ते 2013 अटलांटिक सिटीला. समुद्रकाठचं हे कॅसिनोंचं शहर क्लार्कसनपासून सहाशे किलोमीटरहून दूर. परीक्षा-सुट्ट्यांच्या गडबडीत कोणता विद्यार्थी तिथे जाईल? 2014 मध्ये गट मुकाट्याने लेक प्लॅसिडला परतला.

लेक प्लॅसिड हे जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचं डोंगरातलं गाव. पण 1980 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजवयीन पोरांनी सोव्हिएत संघाला 4-3 असं हरवलं ते इथेच. तेव्हाचे प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स यांचं नाव आता त्या रिंकला आहे. रिंक मुख्य रस्त्यावरच, शेजारी गावची शाळा. प्रतिस्पर्ध्यांची नावं पुकारली जात असताना वर्तमानपत्र उघडून वाचत बसायचं, ही कॉर्नेलच्या प्रेक्षकांची जुनी खोडी. वीस हजारांच्या सभागृहात तिच्याकडे लक्षही जाणार नाही. इथे समोरच्या संघाला ती बरोबर झोंबते.

मोठ्या सभागृहाची हौस बिग टेन गटानेही भागवून घेतली. 2014 पासून चार वर्षं एकदा सेंट पॉल, एकदा डेट्रॉइट असं चाललं. रिकाम्या खुर्च्यांपुढे अंतिम सामना खेळवण्याची पाळी आली आणि 2018 पासून सामने कॉलेजांच्याच रिंकवर गेले. एनसीएचसीनेही 2026 पासून हाच मार्ग धरला. त्या गटात अ‍ॅरिझोनापासून ओहायोपर्यंतची कॉलेजं. तोवर त्यांचे अंतिम सामने सेंट पॉलला होत. ते म्हणायला त्रयस्थ, पण नॉर्थ डकोटाचे चाहते तिथे लोंढ्याने यायचे आणि डेन्व्हरच्या विद्यार्थ्याला हजारभर किलोमीटरहून जास्त प्रवास पडायचा. त्रयस्थपणा कागदावरच होता.

घरच्या रिंकवर अंतिम सामना म्हणजे एका संघाला झुकतं माप, हा आक्षेप खराच. पण तो मान मोसमभर जिंकून मिळवलेला असतो. सेंट पॉलजवळ असणं हे कोणाचं कर्तृत्व नव्हे. शिवाय विद्यार्थीच नसतील, तर कॉलेजच्या खेळात कॉलेजचं उरतं काय?

जिथे सगळ्यांना बसने गाठता येईल असं आणि सगळ्यांना आपलं वाटेल असं ठिकाण आहे, तिथे ते जपावं. जिथे ते नाही, तिथे निविदा मागवून ते निर्माण होत नाही. एनसीएचसीने घेतलेला निर्णय योग्य आहे, आणि ईसीएसीने उद्या कोणी दुप्पट पैसे देऊ केले तरी लेक प्लॅसिड सोडू नये.