सुटकेचे मोल कोणी द्यावे?

पावसाळा लागला की सह्याद्रीत दर शनिवार-रविवारी गर्दी उसळते. कोणी मनाईचा फलक ओलांडून धबधब्यात उतरतो, कोणी गुळगुळीत तळव्यांच्या चपला घालून ओला कातळ चढतो, कोणी उशिरा निघतो आणि अंधारात वाट चुकतो. मग फोन जातो, आणि पायथ्याच्या एखाद्या गावातले तरुण हातातले काम टाकून दोर आणि स्ट्रेचर घेऊन निघतात. अशा बेफिकीर माणसाकडून सुटकेचा खर्च वसूल करावा का?

'करावाच,' असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. ज्याचे कर्म त्याने भोगावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात तर तसा कायदाच आहे. डोंगरात निष्काळजीपणाने अडकलेल्याकडून तेथे खर्च मागता येतो. २०१५ पासून तेथे वर्षाला २५ डॉलरचे एक कार्ड मिळते. ते घेतलेल्याला निष्काळजीपणाचा खर्च माफ असतो, बेदरकारपणाचा मात्र नाही. व्यवस्था विचारपूर्वक केलेली आहे. तरीही ती आपल्याकडे यावी, असे मला वाटत नाही.

पहिले कारण अगदी व्यवहारी आहे. मित्र दरीत पडला आहे आणि वर उभी असलेली मुले फोन हातात धरून 'किती पैसे लागतील, घरी काय सांगायचे' याचा हिशेब करत आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. त्या हिशेबात उजेड निघून जातो. मग जे काम दिवसा सोपे होते, ते रात्री सोडवणाऱ्यांच्याच जिवावर बेतते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केरळातील मलमपुळा येथे एक तरुण डोंगराच्या कपारीत चाळीस तासांहून अधिक काळ अडकला होता. अन्न नाही, पाणी नाही, पायाला जखम. अखेर सेनेचे जवान दोराने खाली उतरले आणि त्याला वर घेऊन आले. वर येताच त्याने जवानांना मिठी मारून त्यांचे मुके घेतले. पुढे सरकारचा किती खर्च झाला, त्याच्यावर गुन्हा नोंदवावा की नाही, यावर बरीच चर्चा झाली. इंधनाचा आणि वाहनांचा आकडा काढता येतो. पण कड्यावरून लोंबकळत दुसऱ्याला स्वतःच्या अंगाशी बांधून घेणाऱ्याचा दर कोणत्या रकान्यात लिहाल?

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य वेळी आणि पात्र व्यक्तीला दिलेले ते सात्त्विक. येथे कोणी म्हणेल, बेफिकीर माणूस पात्र कसा? प्रश्न रास्त आहे. माझ्या मते कड्यावर लटकलेल्याची पात्रता त्याच्या संकटातच आहे. त्याच्या चुकांची चौकशी खाली आल्यावर होऊ शकते.

आणि ती व्हावी. बंदी असलेल्या जागी गेल्याचा दंड जरूर घ्यावा. मात्र तो नियम मोडल्याचा असावा, सुखरूप परतलेल्याकडूनही तेवढाच घ्यावा. सुटकेशी त्याचा संबंध जोडू नये.

लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे ही सेवा स्वयंस्फूर्तीने करत आहेत. जिवंत माणसांना सोडवतात, आणि दरीतून मृतदेहही वर काढतात. त्यांच्या कामाला बिल जोडले, तर सुटका झालेला माणूस पैसे भरून मोकळा होईल. विकत घेतलेल्या गोष्टीचे ऋण उरत नाही. (ज्याच्याकडे पैसा आहे, तो तर आणखीच निर्धास्तपणे चढेल, अशी मला शंका आहे.)

आपल्यापैकी कोणाची, आपल्या मुलाची वा भाचीची अशी सुटका झाली असेल, तर त्या पथकाकडे एकदा जाऊन या. दोर झिजतात, कॅराबिनर बदलावे लागतात, गाडीला डिझेल लागते. काय हवे ते विचारा आणि जमेल तेवढे द्या. मुलालाही सोबत न्या. ज्यांनी त्याला उचलून आणले, त्यांचे चेहरे त्याला दिवसाच्या उजेडात पाहू द्या.