बारशाआधीचे दिवस

दोन पिढ्यांपूर्वी आपल्या गावोगावी धोंडू, दगडू, केरबा अशा नावांची माणसं सर्रास भेटत. आधीची मुलं दगावली की पुढच्याला मुद्दाम असं नाव ठेवायचं, म्हणजे दगड-धोंड्याकडे, केराकडे मरणाची नजर जाणार नाही, ही त्यामागची समजूत. प्रत्येक दगडूच्या मागे न जगलेली भावंडं होती. पाचवी-सहावीला सटवाईची पूजा आणि थेट बाराव्या दिवशी बारसं, हा क्रमही त्याच अनुभवातून आला असावा असं मला वाटतं. पहिले दिवस निभावले तर नाव ठेवू, असं आपला समाज पिढ्यान् पिढ्या मनाशी धरून चालला.

आरोग्यसेविका आणि पुढे आरोग्य सहायिका म्हणून विदर्भातल्या गावांत माझी सगळी नोकरी गेली. आपल्या पूर्वजांनी भीतीपोटी जे ओळखलं होतं, ते आकड्यांत तसंच्या तसं दिसतं. १९७१ साली देशात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. ही लहान गोष्ट नाही. लसी, जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाणी, दवाखान्यातली बाळंतपणं, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण त्या २८ पैकी २० मृत्यू पहिल्या २८ दिवसांतले होते आणि त्यातलेही बहुतेक पहिल्या आठवड्यातले. मोठ्या मुलांचे मृत्यू आपण झपाट्यानं कमी केले. नवजात बाळांचे तितक्या वेगानं कमी झाले नाहीत.

बालमृत्यू झाला की त्याचं अन्वेषण होतं. घरी जाऊन विचारपूस करायची, फॉर्म भरायचा, बैठकीत वाचायचा. कारणाच्या रकान्यात तेच चार-पाच शब्द फिरून फिरून येतात : अकाली जन्म, कमी वजन, जन्मतः श्वास कोंडणं, जंतुसंसर्ग, न्यूमोनिया. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबरच असतात. तरी तो रकाना वाचताना मला नेहमी वाटायचं, की खरी हकीकत सुरू होते तिथेच आपण पेन खाली ठेवतो.

एका घराचा फॉर्म असाच होता : ‘अकाली जन्म, कमी वजन’. घरी बसून ऐकलं ते असं. मुलीचं लग्न अठराच्या आतच झालेलं. अंगात रक्त कमी, तरी सातव्या महिन्यापर्यंत कापूस वेचायला जात होती. जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि बाळंतपण अडेल, म्हणून ताटात हात आखडता. आठव्या महिन्यातच कळा आल्या. बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळ दोन किलोच्या आतलं. दुसऱ्याच दिवशी त्यांना घरी पाठवलं. हे बाळ वेगळं आहे, याला ऊब लागेल, याला थोडं थोडं आणि सारखं पाजावं लागेल, हे त्या बाईला कुणी समजावून सांगितलं नाही. दिवस थंडीचे. घरी आल्याबरोबर रीतीप्रमाणे तेल लावून आंघोळ घातली. गावातली आशा कार्यकर्तीची जागा रिकामी. आजी मला म्हणाली, “बाई, लेकरू सकाळपासून थानालेच लागलं नाही. आमाले वाटलं, निजलं आहे.” संध्याकाळी अंग गार लागलं तेव्हा धावपळ सुरू झाली. गाडी मिळेपर्यंत रात्र झाली आणि बाळ वाटेतच गेलं.

आजीला बोल लावणं फार सोपं आहे. बैठकीत तो लावलाही गेला. मला ते पटलं नाही. तिनं आयुष्यभर जे पाहिलं तेच केलं. तिच्या आधी ज्यांना हे कळायला हवं होतं, त्या आमच्यापैकी कुणीही त्या उंबऱ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

नवजात बाळाचा आजार बोलत नाही, हे समजून घ्यायला हवं. मोठं मूल तापानं फणफणतं, रडून घर डोक्यावर घेतं. चार दिवसांचं बाळ उलट शांत होतं. दूध ओढणं कमी होतं, रडणं बारीक होतं, हातपाय सैल पडतात, अंग गार लागतं. कमी दिवसांच्या बाळाच्या कातडीखाली चरबीचा थर फार पातळ असतो. थंडी वाजली की अंगातली साखर ऊब राखण्यात खर्ची पडते, मग ओढायला ताकद उरत नाही, दूध पोटात जात नाही आणि साखर आणखी उतरते. त्यात जंतुसंसर्गाची भर पडली की सगळा खेळ काही तासांचा असतो. आणि याच तासांत घरचे म्हणतात, बाळ गुणी आहे, मुळीच त्रास देत नाही.

हे तास कुणीतरी घरी येऊन पाहायला हवेत, हे गडचिरोलीनं जगाला दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथल्या ३९ गावांत १९९५-९६ मध्ये ७६३ नवजात बाळांवर लक्ष ठेवलं. त्यातली ४० बाळं गेली. निम्म्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज होती आणि ते मिळाले होते शंभरात जेमतेम दोघा-तिघांना. मग गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं गेलं. बाळ रडलं नाही तर मास्कनं श्वास द्यायचा, वजन करायचं, ऊब कशी द्यायची ते आईला शिकवायचं, जंतुदोषाची लक्षणं ओळखून घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. इंजेक्शन गावातली बाई देणार, यावर तेव्हा भल्याभल्यांनी भुवया उंचावल्या होत्या. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं हा अभ्यास छापला आणि २०११ पासून देशभरातल्या आशांच्या कामात घरभेटी आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा, घरी झालं असेल तर सात.

चांगली आशा ही भेट कशी देते ते पाहण्यासारखं असतं. आधी साबणानं हात धुऊन वाळू देते. बाळ जागं असेल तर आधी पाजायला लावते आणि पाहते, ओठांची पकड कशी आहे. काखेत थर्मामीटर. मग झोळीत घालून स्प्रिंगच्या काट्यावर वजन. बाळ शांत असताना अंगावरचं पांघरूण बाजूला करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजते. छाती आत ओढली जाते का, नाळेभोवती लाली आहे का, हे बघते. वजन कमी असेल तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधते. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या अपुऱ्या पडल्या तेव्हा डॉक्टरांनी ही कांगारू पद्धत सुरू केली. तिला विजेचीही गरज लागत नाही. हे सगळं व्हायला बराच वेळ जातो. म्हणूनच एका आशाकडे दहा कामं सोपवली की सगळ्यात आधी ही भेट कागदावरच उरते. भरलेला फॉर्म म्हणजे झालेली भेट नव्हे, हे पर्यवेक्षण करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

मात्र माझ्या मते मूळ दुखणं याहून खोल आहे : बारशाआधी गेलेलं बाळ आपण मोजतच नाही. घरात त्याचं सुतक धड पाळलं जात नाही, आईला ‘दुसरं होईल’ म्हणून गप्प केलं जातं. दवाखान्यात दोन-चार श्वास घेऊन गेलेलं बाळ ‘मेलेलंच जन्मलं’ म्हणून लिहिण्याचा मोह होतो, कारण मग तो बालमृत्यू ठरत नाही आणि वरून विचारणा होत नाही. २००१ साली महाराष्ट्रातल्या स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. प्रत्यक्षातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असल्याचं त्यातून पुढं आलं. जो तालुका खरे आकडे देतो त्याला बैठकीत उभं करायचं आणि जो लपवतो त्याची पाठ थोपटायची, हे जोवर चालेल तोवर कुठलंही यंत्र कामी येणार नाही. नोंदच नसलेल्या मृत्यूसाठी कुणी आशाची रिकामी जागा भरत नाही, गाडी वाढवत नाही, वॉर्मर मागत नाही.

तेव्हा एक विनंती. तुमच्या घरात, शेजारी, शेतावर किंवा वीटभट्टीवर एखादं बाळ जन्मून गेलं, मग ते तासाभरासाठी का जगलं असेना, तर २१ दिवसांच्या आत त्याची नोंद करायला लावा. जन्माची वेगळी, मृत्यूची वेगळी. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तशी तरतूद आहे आणि जन्माच्या नोंदीसाठी बाळाचं नाव ठेवलेलं असावं लागत नाही.