तणाव निवळला, पुढे काय?

दंगल झालेल्या गावाची बातमी तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतल्या पानावर जाते आणि मथळा बहुतेक ठरलेला असतो: ‘तणाव निवळला’. दुकाने उघडली, संचारबंदी उठली, शांतता समितीची बैठक पार पडली. त्यानंतर गावाचे नाव छापून येते ते पुढच्या दंगलीच्या वेळी. या एका क्रियापदावर आपण फार विसंबून राहिलो आहोत, असे मला वाटते.

निवळणे हा शब्द पाण्याच्या हंड्यातला. पावसाळ्यात नदीला तांबडे पाणी आले की ते भरून ठेवायचे, तुरटीचा खडा चार-सहा वेळा फिरवायचा आणि रात्रभर हंड्याला हात लावायचा नाही. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियममुळे हा भार नाहीसा होतो, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. कित्येक ठिकाणी तुरटीऐवजी निवळीची बी मडक्याला आतून घासत. सकाळी वरचे पाणी नितळ दिसते. पण काल हंड्यात जेवढी माती होती, तेवढीच आजही असते. घाईने तांब्या बुडवला की साका उठतो आणि पाणी पुन्हा तांबडे.

म्हणून जाणत्या बायका तिथे थांबत नसत. भांडे न हलवता वरचे पाणी निथळून घ्यायचे, दुपदरी फडक्यातून गाळायचे, खालचा गाळ परसात ओतून हंडा घासायचा. पटकीची साथ असेल तर गाळलेले पाणीही उकळायचे, कारण रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. या साऱ्या खटाटोपातला पहिलाच शब्द सार्वजनिक भाषेने उचलला. त्यातली सोय उघड आहे. पाणी आपले आपण निवळते. गाळायला मात्र कुणीतरी लागते. तणाव ‘निवळला’ म्हटले की कुणी काय केले, हे सांगावे लागत नाही.

तळाशी उरलेल्या सगळ्याच गोष्टींना मराठीने टाकाऊ ठरवलेले नाही. तूप कढवल्यावर खाली राहते ती बेरी मुले साखर घालून खातात. चहाचा चोथा गुलाबाच्या कुंडीत जातो, चर्चेचा चोथा मात्र कुठेच घालता येत नाही. कर्जाने माणूस गाळात जातो आणि तोच शब्द ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या २०१७ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेच्या नावात आशेने येतो. तळाशी असतो तोवर गाळ पाण्याची जागा खातो. उपसून शेतात पसरला तर जमीन सुधारते. जुन्या भांडणांबद्दलही माझे म्हणणे हेच आहे. ‘जुनी मढी उकरू नका’, ‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे सांगणाऱ्यांचा हेतू पुष्कळदा चांगला असतो. पण ज्याचे घर जळले, त्याचे काहीही गंगेला मिळालेले नसते.

शाळेच्या प्रयोगशाळेतली चुन्याची निवळी अनेकांना आठवत असेल. पाण्यात चुना ढवळून ठेवला की वर जे स्वच्छ द्रावण येते, ती निवळी. दिसायला साधे पाणी. नळीने तिच्यात फुंकर मारली की ती दुधासारखी पांढरी होते, कारण विरघळलेला चुना तिच्यात असतोच आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्याची भुकटी करून दाखवतो. शांत गावात एखादी अफवा पसरते तेव्हा असेच घडते. लोक म्हणतात, अफवेने गाव पेटवले. अफवेने नवे फार थोडे आणलेले असते.

निवळू द्यावेच लागते, हेही खरे. ढवळलेले पाणी तसेच गाळायला घेतले तर फडके तुंबते, आणि डोकी तापलेली असताना केलेल्या चौकशीचेही तेच होते. माझा आक्षेप थांबण्याला नाही. थांबलो की काम संपले असे मानण्याला आहे.

महाडच्या चवदार तळ्याचे उदाहरण इथे आठवावेसे वाटते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्पृश्यांना बंदी असलेले ते पाणी प्यायले. त्याच दिवशी परिषदेला आलेल्यांवर हल्ला झाला. पुढे तळे बाटले म्हणून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ‘शुद्धी’ करण्यात आली; पाणी गढूळ केले ते शुद्धी करणाऱ्यांनीच. मग काही सवर्णांनी तळे सार्वजनिक नसल्याचा दावा लावला आणि डिसेंबरमध्ये मनाईहुकूम मिळवला. सत्याग्रह थांबवावा लागला, गावही वरवर शांत झाले असेल. पण बाबासाहेबांनी दावा शेवटपर्यंत लढवला. पाणी कुणाचे, बंदीची रूढी किती जुनी, तिला पुरावा काय, हे सारे न्यायालयात एकेक करून तपासले गेले. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने, अशी रूढी अनादी काळापासून असल्याचे सिद्ध होत नाही, असे सांगून विरोधकांचे अपील फेटाळले.

म्हणून वार्ताहराने दंगलीनंतर सहा महिन्यांनी त्या गावात पुन्हा जावे. किती गुन्हे नोंदले गेले, किती खटले उभे राहिले, जळलेल्या दुकानांची भरपाई कुणाच्या हाती पडली, गाव सोडून गेलेल्यांपैकी कोण परतले आणि त्यांना पूर्वीच्याच गल्लीत घर मिळाले का, हे विचारावे. त्या बातमीला पहिल्या पानावर जागा मिळाली पाहिजे.