तिला वेगळं विचारा

निवृत्तीनंतर मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला कायमचं जायचं, हा बेत पुण्या-ठाण्या-नाशिकच्या कितीतरी घरांत चाललेला असतो. मुलगा तिथला नागरिक झाला की आईवडिलांच्या ग्रीन कार्डाला वार्षिक कोटा आड येत नाही; भावंडांना थांबावं लागतं तसं वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागत नाही. मग हिशेब सुरू होतो. फ्लॅट विकायचा की भाड्याने द्यायचा, बँकेतलं खातं अनिवासी भारतीयांचं, म्हणजे एनआरओ करायचं, हयातीचा दाखला तिकडून कसा द्यायचा. आणि औषधपाणी. पासष्टी उलटली असली, तरी तिथे कधी नोकरी न केलेल्या आईवडिलांना ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, मिळत नाही. त्यानंतरही ती विकतच घ्यावी लागते. २०२५ साली त्यातल्या नुसत्या रुग्णालयाच्या भागाचा हप्ता माणशी महिन्याला ५१८ डॉलर होता.

हा हिशेब करायलाच हवा. पण तो दोघांचा असतो, आणि दोघंही त्यात धडधाकट असतात. मला काळजी वाटते ती इथे. आपल्याकडे नवरा बहुधा चार-पाच वर्षांनी मोठा असतो, आणि बायकांचं आयुष्य सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त. म्हणजे परदेशातली शेवटची वर्षं बहुतेक घरांत तिला एकटीला काढायची आहेत. आखणी मात्र तो करतो. तिला विचारलं जातं ते सगळं ठरत आल्यावर, आणि नातवंडांच्या ओढीने ती हो म्हणते.

नातवंडं लहान असतात तेव्हा आजीचा दिवस भरलेला असतो. नातवंडं हायस्कूलला गेली की घर सकाळी आठला रिकामं होतं. उपनगरात दुकान चालत जाण्याच्या अंतरावर नसतं, बस नसते, कित्येक गल्ल्यांना फूटपाथही नसतो. सत्तरीत गाडी शिकणं सोपं नाही. इथे जी बाई मंडईत भाव करते, भजनी मंडळाची वर्गणी गोळा करते, बँकेत जाऊन पासबुक भरून आणते, तिला तिथे डॉक्टरकडे जायलाही मुलाच्या सुट्टीची वाट पाहावी लागते. मुलगा-सून कितीही प्रेमळ असोत, हे परावलंबन टळत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या ठिकाणी, जिथे देऊळ आणि मराठी बोलणारी चार माणसं जवळ आहेत, तिथे ते बरंच हलकं होतं. म्हणून मुलाचं घर कोणत्या गावात आहे, हा प्रश्न मला घर केवढं मोठं आहे यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

पैशाचंही तसंच. सरकारी नोकरीतल्या जुन्या पद्धतीच्या पेन्शनीत निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं असतं. नवऱ्याच्या मागे तिला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन पुढे त्याच पगाराच्या ३० टक्क्यांवर येतं. रुपयांत ते पुरतं, डॉलरमध्ये बदललं की फार थोडं उरतं. तेही सुरू करायला मृत्यूचा दाखला, अर्ज, बँकेच्या खेपा आल्या, आणि हे सगळं सातासमुद्रापलीकडून, ज्या खात्याचा पासवर्ड तिला कधी कुणी सांगितलाच नाही त्या खात्यासाठी. नवऱ्याने आजच तिला शेजारी बसवून ही कामं तिच्या हातून करून घ्यावीत. मृत्युपत्र दोघांनी वेगवेगळं करावं, आणि फ्लॅटवर तिचं नाव नसेल तर निघण्याआधी लावून घ्यावं.

‘नाही जमलं तर परत येऊ’ असं सगळेच म्हणतात. परत यायला घर लागतं, आणि ओळखीची माणसं लागतात. दहा वर्षांनी बहिणी थकलेल्या असतात, शेजार बदललेला असतो. अर्धं वर्ष इकडे, अर्धं तिकडे ही वाटही वाटते तितकी मोकळी नाही. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की विमानतळावर प्रश्न विचारले जाऊ शकतात, आणि वर्षाहून जास्त राहायचं तर निघण्याआधी री-एंट्री परमिटसाठी अर्ज करावा लागतो. एकटीने हे प्रवास किती वर्षं झेपतील, याचाही विचार हवा.

आईवडील पहिल्यांदा जातात ते बहुधा मे-जूनमध्ये. झाडं हिरवी, मुलांना सुट्टी, दर शनिवार-रविवारी सहल. त्या मुक्कामावरून कायमचा निर्णय घेऊ नये. जमलं तर एकदा तिने एकटीने जाऊन राहावं, नवऱ्याने इथेच थांबावं, आणि जावं ते जानेवारीत, बर्फ पडत असताना, घरातले सगळे कामावर आणि शाळेत जात असताना. परत आल्यावर ती काय म्हणते ते मधे न बोलता ऐकावं. तोवर फ्लॅट विकू नये.