उंटाची रात्र

उंटाचं अंग सर्वांत थंड असतं ते या वेळेला, पहाटे. उन्हाळ्यात पाणी न मिळालेल्या उंटाच्या शरीराचं तापमान पहाटे ३४ अंशांच्या आसपास उतरलेलं असतं आणि दिवस कलताना ते ४० च्याही पुढे चढलेलं असतं. माणसाचं अंग ३४ वर आलं तर हुडहुडी भरते, भान सुटू लागतं. ४० च्या वर गेलं तर उष्माघाताची धास्ती. हा प्राणी मात्र रोज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येतो.

सुरतेच्या लोकांना उंट अनोळखी नाही. डुमसच्या काळ्या वाळूवर तो पोराटोरांना पाठीवर घेऊन फिरतो. थोडं उत्तरेला, नर्मदेच्या मुखाशी असलेल्या आलियाबेटावर खाराई उंट आहेत, खाडीच्या पाण्यात पोहणारे, तिवरं खाणारे. पण आपण त्याला ओळखतो ते त्याच्या सोसण्यामुळे, आणि ते सोसणं आपण पाठीवरच्या कुबडात साठवलेल्या पाण्याच्या नावावर टाकून मोकळे होतो. कुबडात पाणी नसतं, चरबी असते. ती एका जागी गोळा झाल्यामुळे बाकीच्या अंगातून उष्णता सहज बाहेर पडते.

खरं कारण क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञांनी १९५३-५४ मध्ये अल्जीरियातल्या बेनी अब्बेस इथे, सहाराच्या वाळूत उंटांसोबत राहून मोजलं. दुपारी उंट घाम गाळून अंग थंड ठेवायचा आटापिटा करत नाही. तो तापतो, तापू देतो. पाचशे किलोचा उंट सहा अंशांनी तापला, तर तेवढी उष्णता बाहेर टाकायला त्याला जवळपास पाच लिटर पाण्याचा घाम गाळावा लागला असता. ते पाणी वाचतं. दिवसभराची ही उष्णता तो उधारीसारखी अंगावर ठेवतो आणि रात्री फेडतो. वाळवंटात रात्री आभाळ निरभ्र असतं, हवा कोरडी असते, जमीन झपाट्याने निवते. अंगातली ऊब त्या मोकळ्या आभाळाकडे निघून जाते, थेंबभरही पाणी न घेता. त्याच्या लोकरीचंही तसंच. आपल्याला वाटतं, उन्हात एवढं पांघरूण कशाला? पण लोकर कातरलेल्या उंटाचं पाणी सुमारे दीडपट खर्च झालं. ती लोकर बाहेरचं ऊन बाहेरच अडवत होती.

याच मोजमापातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या उंटाला रोज पोटभर पाणी मिळत होतं, त्याच्या तापमानात दिवसभरात जेमतेम दोन अंशांचा फरक पडत होता. तोही घाम गाळतो, अंग निववतो. सहा अंशांची ती चढउतार दिसते फक्त पाणी तुटलेल्या उंटात. म्हणजे ज्याला आपण त्याचा स्वभाव म्हणतो, ती त्याने टंचाईत काढलेली वाट आहे, आणि तीही थंड रात्र मिळते म्हणूनच निभते.

आता सुरतेकडे पाहू. लिंबायत, उधना, डिंडोली इथल्या वस्त्यांमध्ये जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली खानदेशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तापीच्या काठाकाठाने येणाऱ्या रेल्वेनेच त्यांतली बहुतेक इथे आली. जळगाव-भुसावळचं ऊन अंगावर काढलेली ही माणसं सांगतात की तिकडे ऊन जास्त, पण इथे जीव जास्त घाबरा होतो. ते अगदी खरं आहे. एक लिटर घाम अंगावर सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसताच निथळून खाली पडला तर काहीच नेत नाही. खानदेशच्या कोरड्या हवेत घाम सुकतो. खंभातच्या आखाताचा दमटपणा वाहून आणणाऱ्या सुरतेच्या हवेत तो निथळतो, आणि अंगातलं पाणी मात्र तेवढंच जातं.

रात्रही सुटका करत नाही. दमट हवा जमिनीची ऊब वर जाऊ देत नाही, भिंती पहाटेपर्यंत ऊन राहतात. कापडगिरणीतल्या लूमवर बारा तासांची रात्रपाळी करणारा तर सकाळी घरी येऊन पत्र्याच्या छताखाली झोपतो, ऊन चढत असताना. दिवसा साठलेली उष्णता सोडायला उंटाला मिळते तशी रात्र त्याच्या वाट्याला येतच नाही. आणि उंटाला चालतं तसं ४० अंशांचं अंग त्याला चालत नाही.

हवामान खात्याच्या निकषांत ‘उष्ण रात्र’ म्हणून एक नोंद आहे. रात्रीचं किमान तापमान सरासरीहून साडेचार अंशांनी वर गेलं की ती धरतात, पण एका अटीवर: दिवसाचं कमाल तापमान ४० किंवा त्याहून जास्त असलं पाहिजे. समुद्राच्या वाऱ्यामुळे सुरतेचा पारा मे महिन्यातही पुष्कळदा ४० च्या खालीच राहतो. अशा दिवसानंतरची रात्र कितीही घुसमटवणारी असली तरी ती या व्याख्येत बसत नाही. किनाऱ्यावरच्या शहरांसाठी ही ४० ची अट काढावी आणि किमान तापमानासोबत हवेतला दमटपणा धरून रात्रीचा वेगळा इशारा द्यावा, तो गिरण्यांच्या रात्रपाळीपर्यंत पोहोचावा, असं मला मनापासून वाटतं.