हजारावा भाग आणि जुनी टेप

एप्रिल २०२५मध्ये सोनी वाहिनीने समाजमाध्यमांवर एसीपी प्रद्युम्न यांना श्रद्धांजली वाहिली. शिवाजी साटम सुखरूप होते, ‘सी.आय.डी.’ मालिकेतलं त्यांचं पात्र मारलं गेलं होतं. तरी लोकांना घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं. शोक झाला, आणि त्यासोबत रागही आला. त्या रागाचं मला नवल वाटलं नाही. सत्तावीस वर्षांचा ऋणानुबंध श्रद्धांजलीच्या एका फलकात आटोपलेला कुणाला रुचेल?

या मालिकेची मुळं मराठीत आहेत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले बी. पी. सिंग मुंबई दूरदर्शनवर वृत्तविभागाचे कॅमेरामन होते. पुढे त्यांनी ‘एक शून्य शून्य’ ही पोलीसतपासाची मराठी मालिका केली आणि तीत साटम होते. २१ जानेवारी १९९८ला ‘सी.आय.डी.’ सुरू झाली तेव्हा साटम सत्तेचाळीस वर्षांचे होते. ऑक्टोबर २०१८मध्ये, १,५४७ भागांनंतर ती थांबली तेव्हा अडुसष्ट. एका माणसाचं वय वाढताना आपण आठवड्यामागून आठवडे पाहत होतो. सख्ख्या काकाचं म्हातारपणसुद्धा इतक्या सातत्याने बघितलं जात नाही. डिसेंबर २०२४मध्ये मालिका परतली तेव्हा फ्रेडरिक्स साकारणारे दिनेश फडणीस त्यात नव्हते; वर्षभरापूर्वीच ते गेले होते. ती रिकामी जागा कुठल्याही पटकथेत लिहून आणता आली नसती.

दीर्घ मालिकांना नावं ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. पाणी घालून वाढवलेली आमटी, असं म्हणायचं आणि विषय संपवायचा. आमटी पातळ होते हे खरंच आहे. टीआरपी बरा आहे तोवर गोष्ट संपली तरी मालिका संपवता येत नाही. मग लीप घ्यायचा, नवा ट्रॅक आणायचा, हरवलेली बहीण शोधून काढायची. आणि आकडे घसरले की कथानक ऐन भरात असलं तरी थोडक्या भागांत गुंडाळायचं. पण हा दोष लांबीचा नाही, ती ठरवणाऱ्या हिशेबाचा आहे. ईटीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ अशी चालली, तीन हजारांवर भाग झाले. पहिला भाग लागला तेव्हा पहिलीत असलेली मुलगी शेवटचा भाग लागला तेव्हा कॉलेजात जात होती. रोहिणी हट्टंगडींची सासू आणि कविता लाड यांची सून या दोघींनी ज्या घरांत इतकी वर्षं रोज संध्याकाळ काढली, त्या घरांनी या मालिकेला आपल्या आयुष्यातला केवढा वेळ दिला! कादंबरीला किंवा सिनेमाला असं दान क्वचितच मिळतं. या वेळेची परतफेड वाहिनी कशी करते, हा माझा प्रश्न आहे.

सेटवर हजाराव्या भागाचा केक कापतात. महाएपिसोड होतो, दोन मालिकांचा महासंगम होतो, वर्षातून एकदा वाहिनी आपल्याच मालिकांना पुरस्कार देते. त्या रात्री स्पॉटबॉयपासून लेखकापर्यंत सगळ्यांना बरं वाटत असेल, आणि वाटायलाच हवं. रोज बारा-बारा तास राबणारी माणसं आहेत ती. पण या सोहळ्यांत गौरव आकड्याचा होतो.

ब्रिटनमध्ये ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका ९ डिसेंबर १९६० पासून चालू आहे. तिला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी तासाभराचा भाग थेट प्रक्षेपित केला गेला. कथानकात ट्रॅम कोसळल्यानंतरची रात्र, आगी, ढिगारे, आणि एकाही नटाला दुसरा टेक नाही. पहिल्या भागात विशीतल्या विद्यार्थ्याची भूमिका केलेले विल्यम रोच त्या मालिकेत अजून होतेच. हा मला खरा मान वाटतो: नेहमीच्या कलावंतांकडे त्यांच्या कसबातलं सर्वांत अवघड काम मागणं. ‘सी.आय.डी.’च्या चमूनेही २००४मध्ये १११ मिनिटांचा अख्खा भाग एकही कट न घेता चित्रित केला होता. चुकलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, अशा टांगत्या तलवारीखाली केलेलं ते काम आहे. मालिका म्हणजे कारखाना, असं म्हणणाऱ्याने ते जरूर पाहावं.

मात्र सर्वांत मोठा मान याहून साधा आहे, आणि तोच बहुतेकदा राहून जातो. तो म्हणजे भाग जपून ठेवणं.

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ची गोष्ट या बाबतीत मला फार लागते. ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली. पन्नासाव्या वाढदिवसाला तिचा विशेष भाग ९४ देशांत एकाच वेळी दाखवला गेला. एवढा थाट इतर कुठल्या मालिकेच्या वाट्याला आला असेल! आणि त्याच मालिकेचे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग तेव्हा बीबीसीकडे नव्हते. ते चोरीला गेले नव्हते, बीबीसीनेच पुसले होते. व्हिडिओ टेप महाग असे, ती पुसून पुन्हा वापरत. नटांशी झालेल्या करारांमुळे जुने भाग पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या, आणि रंगीत प्रक्षेपण आल्यावर कृष्णधवल भागांना विचारतो कोण, असं वाटलं. त्या त्या वेळी प्रत्येक कारण रास्तच दिसलं असणार. मला भीती वाटते ती याच रास्तपणाची.

पुसलेल्या भागांपैकी काही परत मिळाले ते परदेशांतून, कारण त्यांच्या फिल्म प्रती तिकडच्या केंद्रांना विकलेल्या होत्या. २०१३मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून हरवलेले नऊ भाग हाती लागल्याचं जाहीर झालं. आणि जे सापडले नाहीत त्यांचाही आवाज शाबूत आहे, तो प्रेक्षकांमुळे. त्या काळच्या पोरांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर ते भाग ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. ज्यांचं काम होतं त्यांनी पुसलं, आणि ज्यांना कुणी सांगितलं नव्हतं त्यांनी जपलं.

हे वाचलं तेव्हा मला आमचं घर आठवलं. दूरदर्शनवर ‘गोट्या’ लागायची तेव्हा वडील टीव्हीच्या स्पीकरला टेपरेकॉर्डर चिकटवून शीर्षकगीत कॅसेटवर घेत. त्या वेळी खोलीत कुणी खोकायचं नाही, असा दंडक होता.

फ्रान्समध्ये १९९२च्या कायद्याने रेडिओ-टीव्हीचे कार्यक्रम राष्ट्रीय संग्रहात जमा करणं बंधनकारक झालं, जसं पुस्तकांचं असतं तसं. आपल्याकडे सिनेमासाठी १९६४मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगाव फिरून रिळं गोळा केली, म्हणून फाळक्यांचं काम आज आपण थोडं तरी पाहू शकतो. टीव्हीला असा नायर मिळाला नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे ओटीटी व्यासपीठ सुरू करून जुन्या मालिका लोकांसाठी खुल्या केल्या, हे मोलाचं पाऊल आहे. पण खासगी वाहिन्यांवर असं कसलंच बंधन नाही. त्या विकल्या जातात, नाव बदलतात. अल्फा मराठीची झी मराठी झाली, ईटीव्ही मराठीची कलर्स मराठी झाली. घर विकताना देवघरातले देव कुणाकडे जाणार हे आपण आधी ठरवतो. वाहिनीचा व्यवहार होताना ‘आभाळमाया’ किंवा ‘चार दिवस सासूचे’ यांचे सगळे भाग, कलावंतांच्या आणि तंत्रज्ञांच्या नावांसकट, कुठल्या सार्वजनिक संग्रहात जाणार, हेही तसंच ठरलेलं असायला हवं. पन्नास वर्षांनी कुणाला २००५ सालच्या मराठी घरातलं स्वयंपाकघर, साड्या, बोलणं, सासवांचे धाक आणि सुनांची उत्तरं पाहायची असतील, तर तो माणूस या मालिकांकडेच येईल. त्यातलं नाटक त्याला कदाचित भडक वाटेल. पण मागच्या फळीवरचे डबे आणि बोलताना मध्येच केलेला नमस्कार त्याला खरे वाटतील.

वडिलांची ती कॅसेट अजून वाजते. गाणं संपतं, भाग सुरू होतो, कॅसेट बंद करायला वडिलांना थोडा उशीर होतो. तेवढ्यात आतून आजीचा आवाज येतो, “अगं, दूध उतू जातंय!” आणि कुणी उठल्याची चाहूल मात्र लागत नाही.